बोनेटवरचा डाग घासण्याआधी

एका मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले आणि मला काटकसरीचा झटका आला. स्वयंपाकघरातल्या आरओमधून जे पाणी वाया जातं ते दोन दिवस बादल्यांत साठवलं आणि रविवारी त्यानं गाडी धुतली. गाडी गडद निळी. पाणी दिसायला अगदी नितळ. पुसायचा कंटाळा केला, म्हटलं ऊन आहे, वाळेल आपोआप. जेवून खाली आलो तर बोनेटभर पांढरी वर्तुळं, जणू कुणी ओल्या बांगड्या ठेवून उचलल्या आहेत. आरओ आपल्याला पाजतो त्या पाण्यातले क्षार जातात कुठे? त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात. म्हणजे मी गाडीला नळापेक्षाही जड पाण्यानं अंघोळ घातली होती.

पुढची चूक त्याहून मोठी. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावून घासलं. वर्तुळं फिकी झाली, पण त्या जागी धुरकट पट्टे आले. ते आजही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मला चिडवतात. नवी गाडी घेतलेल्यांना म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो: डाग कशाचा आहे हे कळेपर्यंत घासायचं नाही. बहुतेक डाग विरघळतात. घासणं सगळ्यात शेवटी.

सगळा रंग मिळून एक कॅरीबॅग

घासण्याची एवढी भीती का, ते आधी सांगतो. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. तळाला गंज रोखणारा प्रायमर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी भरते साधारण 100 ते 140 मायक्रॉन. भाजी आणायची नियमातली प्लास्टिकची पिशवी आठवा. 31 डिसेंबर 2022 पासून ती किमान 120 मायक्रॉनची असावी लागते. गाडीचा सगळा रंग तेवढाच. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक.

चमक त्या बारीक थरामुळे असते आणि खालचा रंग उन्हात विटत नाही तोही त्याच्यामुळेच. पॉलिश करणं म्हणजे हा थर अगदी किंचित खरवडून सपाट करणं. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, मारलं की जास्त जातो, आणि गेलेला परत येत नाही. दर सर्व्हिसिंगला ‘साहेब, रबिंग-पॉलिश पण करून टाकू का?’ याला हो म्हणणारे लोक हा थर हप्त्याहप्त्यानं देऊन टाकत असतात.

पहिली पायरी: धुणं

सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवा. तळवा बोनेटवर सुखानं टेकत नसेल तर थांबा. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोज्यासारखा वॉश मिट प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा, नाहीतर छतावरची धूळ दारावर घासली जाते. वरून खाली यायचं. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. भांड्यांचं लिक्विड नेहमीच्या धुण्याला नको, ते आधीचं वॅक्स उतरवतं. नवीन वॅक्स लावायच्या दिवशी मात्र नेमकं तेच हवं असतं, तेव्हा एकदा चालेल.

मग मायक्रोफायबरच्या टॉवेलनं लगेच कोरडी करा. टॉवेल पसरायचा, हलक्या हातानं सरकवायचा, दाबायचा नाही. एवढं झाल्यावर जे उरतं तो डाग. धुण्याआधी जे दिसत होतं त्यातली निम्मी नुसतीच घाण असते.

दुसरी पायरी: डाग ओळखणं

*पाण्याची वर्तुळं.* बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येक सोसायटीचा हा सार्वजनिक डाग. बादलीच्या काठाला आणि गीझरच्या कॉइलला जे पांढरं धरतं तेच हे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. यांना आम्ल लागतं, पण सौम्य. चायनीज करायला आणतो ते पांढरं व्हिनेगर घ्या आणि त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. दुकानात मागताना ‘बॅटरीचं पाणी’ असं मोघम म्हणू नका, स्पष्ट डिस्टिल्ड वॉटर मागा. त्याच फळीवर बॅटरीचं अ‍ॅसिडही असू शकतं आणि ते गंधकाम्ल आहे.

मी आता करतो ते असं. वीतभर भाग घ्यायचा. मायक्रोफायबरचं लहान फडकं या मिश्रणात भिजवून, निथळून डागावर नुसतं अंथरायचं. मिनिटभर थांबायचं. फडकं उचललं की बोटाचं टोक वर्तुळाच्या कडेवरून फिरवायचं. आधी तिथे बारीक रवा लागल्यासारखं वाटत होतं, आता गुळगुळीत लागलं पाहिजे. मग हलकं पुसून भरपूर पाणी ओतायचं आणि कोरडं करायचं. उरलं तर आणखी एकदा, फार तर दोनदा. पुढचा भाग त्यानंतर. उन्हात करायचं नाही, व्हिनेगर पत्र्यावर वाळू द्यायचं नाही, रबराच्या पट्ट्या आणि क्रोम यांच्यापासून लांब ठेवायचं. बाथरूमच्या फरशा धुवायचं अ‍ॅसिड गाडीच्या जवळपासही नको.

दोन-तीन फेऱ्यांनंतर बोटाला गुळगुळीत लागतं, पण डोळ्यांना वर्तुळ दिसतंच, असं झालं तर क्षार गेलेला आहे. त्यानं क्लिअर कोटमध्ये खाल्लेला खड्डा उरला आहे. त्याला व्हिनेगर काही करू शकत नाही. उलट, पांढरं आणि खरखरीत तसंच उरलं तर पाण्यात सिलिका असण्याची शक्यता आहे, तीही व्हिनेगरला दाद देत नाही. दोन्हींचा उपाय पुढच्या पायऱ्यांमध्ये येतो.

शेवटच्या खळबळण्यासाठी घरच्या एसीचं नळीतून ठिबकणारं पाणी साठवून ठेवत जा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. माझी काटकसर आता तिकडे वळली आहे.

*स्लॅबमधून गळणारं पाणी.* बेसमेंट पार्किंगमधला शत्रू नंबर एक. काँक्रीटमधून झिरपताना पाणी चुना घेऊन येतं आणि गाडीवर वाळलं की खडूसारखं घट्ट बसतं. ताजं असेल तर नुसत्या पाण्यानं जातं, म्हणून दिसल्या दिवशीच धुवा. जुनं असेल तर वरचाच व्हिनेगरचा प्रयोग, फक्त जास्त फेऱ्या आणि जास्त संयम. नाण्यानं किंवा ब्लेडनं खरवडणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि त्या गळतीखाली आजच ताडपत्री बांधा, सोसायटीच्या मीटिंगची वाट बघू नका.

*पक्ष्यांची विष्ठा.* ही तासांची शर्यत आहे. विष्ठेत यूरिक आम्ल असतं, आणि उन्हानं क्लिअर कोट मऊ झालेला असताना ती वर वाळून आकसली की तिचा ठसा उमटतो. टिश्यू पेपर पाण्यात भिजवून वर ठेवा, पाच-दहा मिनिटांनी उचला, सगळं त्याच्याबरोबर येतं. पुसत नेऊ नका, त्यात वाळूचे कण आणि बिया असतात. जांभळाच्या दिवसांत तर विचारायलाच नको. गाडीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन फडकी कायम ठेवा. गाडीसाठीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची खरेदी तीच.

*झाडाखालचा चिकटपणा.* इथे लोक हमखास फसतात, कारण ‘झाडाचा चीक’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. आंब्याला मोहर आला की त्याखाली लावलेल्या गाडीवर बारीक, चकचकीत, चिकट थेंब पडतात. तो चीक नव्हे. मोहरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि जादा साखर बाहेर टाकतात, ती असते. साखर कोमट पाण्यात विरघळते. कोमट पाणी, शाम्पू, काम संपलं. तसंच राहू दिलं तर त्यावर काळी बुरशी धरते, तेव्हा आठवड्याच्या आत धुवा.

खरा चीक किंवा डिंक मात्र पाण्याला जुमानत नाही. फणस चिरताना हाताला आणि सुरीला तेल का लावतो? पाण्यानं चीक सुटत नाही म्हणून. इथेही तेच तत्त्व. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारं आयपीए, फडक्यावर घेऊन डागावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा आणि मग उचला. घट्ट गोळा असेल तर आधी थेंबभर खोबरेल लावून तासभर मऊ होऊ द्या. शेवटी ती जागा शाम्पूनं धुवा. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे आधी करून बघा. विशेषतः गाडीचा तो भाग कधी बाहेर रंगवून घेतलेला असेल तर नक्कीच.

*डांबर.* नव्या रस्त्यावरून आलात की चाकांमागे काळे ठिपके. टार रिमूव्हर मिळतो. नसेल तर फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन. ठिपका तपकिरी होऊन पसरायला लागला की पुसा, आणि लगेच शाम्पूनं धुवा, नाहीतर त्या तेलकट थरावर धूळ बसेल. पेट्रोल आणि थिनर नको.

*केशरी ठिपके.* पांढऱ्या गाडीवर बारीक केशरी टिंबं दिसली की लोक घाबरून शोरूमला फोन करतात, ‘सहा महिन्यांत गंज!’ गाडी गंजलेली नसते. रेल्वे रुळांच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानाच्या शेजारी पार्किंग असलं की लोखंडाचा कीस हवेतून येऊन बसतो, ब्रेकचीही धूळ असते. तो कीस गंजतो. आयर्न रिमूव्हर फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. पहिल्यांदा बघताना मजा वाटते, वासानं मात्र नाक मुरडतं, सडक्या अंड्यासारखा. हातमोजे घाला, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा.

*दसऱ्याची पूजा.* बोनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ चिकटपट्टीनं लावली, आता पांढऱ्या गाडीवर पिवळं उरलं. हळदीचा रंग उन्हात उडतो. धुवा, चार दिवस उन्हात फिरवा, आपोआप जाईल. साबणानं लाल झालं तर दचकू नका, साबणासारख्या अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, हळद लालच होते. कपड्यांवर पाहिलं असेलच. कुंकवात हल्ली कृत्रिम रंग असतात, ते मात्र त्याच संध्याकाळी धुऊन टाका. चिकटपट्टीचा चिकटपणा आयपीएनं निघतो. पुढच्या वर्षी स्वस्तिक काचेवर काढा, देवाची हरकत नसावी.

तिसरी पायरी: पिशवीची परीक्षा आणि क्ले

सगळं धुऊन, विरघळवून झाल्यावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला, ब्रेडची चालेल, आणि बोटं बोनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. काचेसारखं लागलं तर ही पायरी सोडा. सॅंडपेपरसारखं लागलं तर क्ले बार आणा.

क्ले म्हणजे लहान मुलांच्या चिकणमातीसारखा मऊ गोळा. पत्र्यावर वंगण म्हणून शाम्पूचं पाणी किंवा क्लेबरोबर मिळणारं द्रव भरपूर फवारायचं, गोळा चपटा करून हलकेच पुढे-मागे सरकवायचा. सुरुवातीला अडखळतो, आवाजही येतो. मग सरकायला लागला की तेवढा भाग झाला. प्रत्येक भागानंतर दुमडून नवी बाजू वर आणायची. सोसायटीच्या ग्रिलला रंग देताना उडालेले शिंतोडेही यानं निघतात. गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा. पैसे आठवून उचलाल, तर त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ मारेल.

चौथी पायरी, जमली तर: पॉलिश

इथवर ऐंशी टक्के लोकांनी थांबावं असं माझं मत आहे. उरलेल्या खड्ड्यांसाठी आणि पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघांसाठी पॉलिश. रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती रेघ पॉलिशनं जाणार नाही, तिला टच-अप रंग लागेल. रंगाचा कोड बहुतेकदा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. नख अडकत नसेल तर सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा, हातानं, फोमच्या पॅडनं, वीतभर जागेवर. तेवढ्यानं काम झालं तर जाड कंपाउंड उघडूच नका. यंत्र घ्यायचंच असेल तर डीए, म्हणजे फिरता फिरता हेलकावणारं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या, एकाच दिशेनं गरगर फिरणारं रोटरी नको, आणि ड्रिलला पॅड लावण्याचा उद्योग तर मुळीच नको. कडा आणि बोनेटच्या धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे कागदी टेप लावून ठेवा. मॅट रंगाची गाडी असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाहीच. मॅटवर पॉलिश केलं की तिथे चकाकता चट्टा पडतो आणि तो कायमचा राहतो.

आता वर काय लावायचं?

दुकानदार इथे तुमच्यासमोर दरपत्रक ठेवतो आणि गाडी घेतल्याच्या आनंदात माणूस काहीही घेतो. म्हणून एकेक बघू.

वॅक्स, त्यातलं कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. हातानं लावता येतं, चमक ओली आणि खोल दिसते. आपल्या उन्हात आणि पावसात सहा-आठ आठवडे टिकलं तर पुष्कळ. रविवारी गाडीशी खेळायला आवडतं अशांसाठी उत्तम.

पेंट सीलंट हे त्याचं कृत्रिम भावंड. लावायला तेवढंच सोपं, टिकतं चार-सहा महिने. नवख्या माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा.

‘टेफ्लॉन कोटिंग’ हे शोरूमचं लाडकं नाव. तव्यावरच्या टेफ्लॉनशी नातं जोडून विकतात. तव्यावर ते बसवताना तीनशे अंशांच्या वर भाजतात, कारण ते 327 अंश सेल्सियसला वितळतं. गाडीचा रंग असा भाजता येत नाही. म्हणजे तव्यासारखी पकड तिथे मिळणार नाही. सीलंट म्हणून काम करेल, आणि सीलंटच्याच किमतीला मिळत असेल तर घ्या.

सिरॅमिक म्हणजे सिलिकावर आधारलेलं द्रव, जे रंगाला चिकटून एक-दोन मायक्रॉनचा कडक थर होतं. चांगल्या हातानं लावलं तर दोन-तीन वर्षं टिकतं, पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतल्या ‘9एच’वर जाऊ नका. ती पेन्सिलीची चाचणी आहे: शाळेतली पेन्सिल एचबी, त्याच मापात 9एच सगळ्यात कडक; ती 45 अंशांत धरून ओढली तरी ओरखडा पडला नाही, एवढाच अर्थ. दगड, चावी, शेजाऱ्याच्या सायकलचं हँडल यांच्यापुढे दोन मायक्रॉन काय करणार? आणि पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतात. बोअरवेलचं पाणी थेंबाथेंबानं गोळा होऊन वाळतं, तेव्हा तर स्पष्ट वर्तुळात पडतात. ज्याच्या सोसायटीत पाणी जड आहे आणि जो गाडी पुसणार नाही, त्यानं सिरॅमिकवर पैसे घालू नयेत.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या मूळ रंगापेक्षाही जाड. दगडापासून खरा बचाव हीच करते. बारीक रेघा उन्हात आपोआप भरून येतात. किंमत तशीच जबर. अख्खी गाडी गुंडाळण्यापेक्षा पुढचा बंपर, बोनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दाराच्या कडा एवढंच करून घेतलं तर एक्सप्रेसवेवर रोज पळणाऱ्याला पुरतं.

यातलं काहीही लावण्याआधी वरच्या तीन पायऱ्या झालेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर डाग काचेखाली फोटो ठेवावा तसा आत जपला जातो. एखादा भाग नुकताच रंगवून घेतला असेल तर पेंटरला विचारून निदान महिना-दोन महिने तिथे वॅक्स किंवा कोटिंग लावू नका, नव्या रंगातला सॉल्व्हंट बाहेर पडू द्यावा लागतो.

कोटिंगवाल्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: आधी पॉलिश किती पायऱ्यांचं करणार, रंगाची जाडी मीटरनं मोजून दाखवणार का, आणि वॉरंटी टिकवायला दर किती महिन्यांनी पैसे भरून यावं लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा खालच्या ओळीत बारीक अक्षरांत असतं. सिरॅमिकनंतर पहिला दिवस पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको.

हे सगळं पहाटे पाचला गाडी पुसायला येणाऱ्या दादांना सांगायला विसरू नका. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या हे त्यांचं गणित, आणि त्या जाळ्यासारख्या रेघा बहुतेक तिथूनच येतात. त्यांचा दोष नाही, आपणच कोरडी धूळ पुसायचे महिन्याचे पैसे देतो. मी त्यांना माझी दोन फडकी दिली आणि सांगितलं, रोज फक्त काचा पुसा, आठवड्यातून एकदा पाणी मारून गाडी धुवा, पैसे तेवढेच. ते आधी संशयानं बघत होते, नंतर म्हणाले, ‘साहेब, मग बाकीच्यांनाही सांगा ना.’